बसत्या माणसाचा खड्डा

चाकूर, १८ जून १९८६

चि. महानंदा हिस,

तुझ्या अव्वाचे शरणार्थ. इंदूबाई विचारत होत्या, अव्वा काय, आजी लिहू का. मी म्हणाले, अव्वाच लिहा, आजी वाचून नातीला कळायचं न्हाई हे कोण.

इंदूबाई म्हंजे शेजारच्या गुरुजींच्या मंडळी. अक्षर चांगलं हाय म्हणतात. मला तर मुंग्या चालल्यावानी दिसतं. त्यांना बजावलंय, मी बोलते तसं लिहा, शिव्या तेवढ्या तुमच्या अंदाजानं घ्या. तुझा बाप लिहून देईना. मन्मथसमोर त्याच्या बहिणीचं, उमाचं नाव काढलं की त्याला दुकानातली ज्वारी पाखडायची आठवते.

तू नांदेडला कायद्याच्या कॉलेजात गेलीस हे बेस झालं. आता एवढंच सांग, तो काळा कोट अंगावर चढायला काय काय करावं लागतं. मला घाई हाय.

तू तेव्हा बीएच्या परीक्षेत होतीस, तुला कुणी धड सांगितलं न्हाई. वैशाखात येळीपिंपळ्याहून सांगावा आला, उमा हगवण-उलटीनं गेली. निलंग्याची एसटी धरून आम्ही पोचलो तर माझ्या लेकीची राख झालेली. जाळली तिला. आपल्या लिंगायतांत माणसाला बसवून माती देतात, तळहातावर त्याचं गळ्यातलं लिंग ठेवतात, हे तिच्या नवऱ्याला ठाऊक न्हाई व्हय? विचारलं मी. संगप्पा म्हणाला, "काय करावं सासूबाई, दुष्काळानं जमीन दगड झालीय. कुदळ उडून परत येते." आणि त्याच आठवड्यात त्याच्या मळ्यात वडार विहीर खोल करून राहिले होते. विहिरीला जमीन मऊ, माझ्या उमाला दगड.

फौजदार परमुलखातला. त्यानं कागदावर लिहिलं, विधिवत अंत्यसंस्कार झाले. त्याच्या गावाकडं जाळतात, त्याला वाटलं सगळीकडं जाळतात. त्याच्या डोळ्यात काही खुपलंच न्हाई.

संक्रांतीला उमा आली होती. मनगट काळंनिळं. म्हणाली, जात्याचा खुंटा लागला.

पयलं उस्मानाबादला जावं लागायचं. आता लातूर आपला जिल्हा झालाय. सरकारनं माझा सूड एका एसटीवर आणून ठेवलाय. आता तू हात चालव. संगप्पा गजांच्या आत बसलेला मला बघायचाय.

तुझी अव्वा

---

नांदेड, ५ जुलै १९८६

ती. अव्वास,

शरणार्थ. पत्र दोनदा वाचलं. उमाआत्याचं इतकं सगळं मला पहिल्यांदाच कळलं. बाबांनी फक्त "देवाची इच्छा" असं लिहिलं होतं.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बीए झाल्यावर हा अभ्यास तीन वर्षांचा. पहिल्या वर्षी गुन्ह्यांचा कायदा, म्हणजे कशाला खून म्हणायचं आणि कशाला नाही. पुराव्याचा कायदा आणि खटला चालवायची रीत शेवटच्या वर्षी. दरवर्षी परीक्षा. परीक्षेला बसायचं तर वर्गात ठरलेली हजेरी भरली पाहिजे, ती कमी पडली तर वर्ष बुडालं. शिवाय कॉलेजातच खोटं कोर्ट भरवतात, त्यात उभं राहून भांडावं लागतं. खऱ्या कोर्टात जाऊन खटले बघायचे, त्याचं टिपण द्यायचं. एवढं झालं की पदवी. पदवीवर सनद मागायची. सनद आली की कोट.

म्हणजे अजून तीन वर्षं. तोवर काही करू नका. येळीपिंपळ्याला तर मुळीच जाऊ नका. मी आहे ना.

वसतिगृहात प्रत्येकीला एक बादली पाणी मिळतं. गोदावरीत वाळू दिसते.

तुमची महानंदा

---

चाकूर, ९ सप्टेंबर १९८६

चि. महानंदा,

तीन वर्षं. पोरी, बाळंतपणं एवढी लांबली असती तर या मुलखात माणूसच न्हाई झालं असतं.

आणि हजेरीचं काय ते. गुन्हेगारानं गुन्हा करताना हजेरी लावली होती व्हय? पण असू दे. तुझ्या मास्तरांना सांग, ही वर्गात न्हाई दिसली तर कोर्टात बसलीय समजा.

मला एकच धास्ती हाय. तीन वर्षांत संगप्पा मरून गेला तर? ताप येईल, साप चावेल, दुष्काळात काय भरवसा. असा फुकटचा सुटायला नको. म्हणून मी दर सोमवारी त्याच्या नावानं महादेवाला अभिषेक करते. बाबा, याला उदंड आयुष्य दे, याचे दात शाबूत ठेव, जेलची भाकर चावायला लागतील. पाणी न्हाई, वाटीभरच वाहते. महादेवाला अडचण ठाऊक हाय. पुजारी कौतुकानं म्हणाला, जावयावर एवढी माया मी पाहिली न्हाई. मी म्हणाले, हाव, खरंय.

(अभिषेकाचे इतरही संकल्प बाईंनी सांगितले. ते मी लिहिलेले नाहीत. — इंदू)

बातमी अशी की संगप्पाला दुसरी बायको बघून राहिलेत. मुलगी बिलोलीकडची. वर्षसुदिक झालं न्हाई. आता सांग, तीन वर्षं थांबू का?

तुझी अव्वा

---

नांदेड, १४ डिसेंबर १९८६

ती. अव्वास,

शरणार्थ. पत्राला उशीर झाला, कारण मी खरंच कोर्टात बसत होते. हजेरी थोडी मागे पडली आहे. भरून काढीन.

तीन गोष्टी कळवायच्या आहेत. एक, लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाई अशी गेली तर नवऱ्याला जाब विचारणारं नवं कलम गेल्या महिन्यात आलं. वाचून मी नाचायचीच राहिले. पण ते आल्यानंतरच्या मरणाला लागू आहे. मागे जात नाही. आत्या वैशाखात गेली.

दुसरी गोष्ट खोट्या कोर्टाची. नावं बदलून मी आत्याचाच खटला मांडला. मी म्हणाले, लिंगायत माणसानं बायको जाळली ही गोष्टच संशयाची आहे, गुन्ह्यानंतरचं वागणं हाही पुरावा असतो. आमचे सर हसले. म्हणाले, "हिंदूनं प्रेत जाळलं यात संशय कसला?" मी म्हणाले, "सर, तुमच्यात आईला पुरलं तर लोक विचारतील की नाही?" सरांनी ते फळ्यावर लिहिलं. मग म्हणाले, "मुद्दा आहे. पण समोरचा वकील म्हणेल, दुष्काळ होता, जमीन खणवत नव्हती. मग?" मी हरले.

तिसरी गोष्ट तुम्हाला राग आणील. वर्गानंतर सरांनी मला थांबवलं, हा खटला कुणाचा म्हणून विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, यासाठी पदवी लागत नाही. गुन्ह्याची फिर्याद कुणीही देऊ शकतं. मॅजिस्ट्रेटसमोर शपथेवर सांगायचं, आणि अंगठा चालतो. मीही समजत होते की कोट लागतो.

तुमची महानंदा

---

चाकूर, २ फेब्रुवारी १९८७

चि. महानंदा,

म्हंजे सहा महिने मी तुझ्या कोटाची वाट बघत बसले आणि लागत होता तो माझा अंगठा, जो जन्मापासून माझ्यापाशीच हाय. तुला कॉलेजात घातलं नसतं तर हे पण कळलं नसतं, म्हणून शिव्या देत न्हाई.

मागं न बघणारा कायदा म्हंजे झापड बांधलेला बैल. असू दे. बैल तोच, आपण दुसऱ्या बाजूनं जुंपू.

आधी बिलोलीचं सांगते. तुला कळवलं न्हाई, तू आडवी आली असतीस. एसटीनं गेले. मुलीच्या बापानं पाट दिला, चहा दिला. मी संगप्पाचं एक वाकडं अक्षर बोलले न्हाई. इतकंच विचारलं, "तुमच्यात मेल्यावर माती देता का जाळता?" तो म्हणाला, "हे काय विचारणं झालं आई, माती देतो." म्हणाले, "मग मुलीला सांगून ठेवा. तिथं जाळतात." चहा पिले आणि उठले. मुलगी दाराआड उभी होती. उमाएवढीच. लग्न मोडल्याचं पंधरवड्यात कळलं.

मग निलंग्याच्या कोर्टात फिर्याद दिली. तुझ्या सरांनी सांगितलेल्या वकिलानं कागद केला. मॅजिस्ट्रेटसाहेब तरणाताठा हाय. विचारलं, "आजी, शपथेवर खरं सांगणार का?" म्हणाले, "खोटं बोलायला एवढ्या लांब कोण येतंय बाबा." त्यांनी नव्यानं तपास लावलाय.

पण एक आडलंय. त्या वेळी विहीर खोल करणारा वडार रामकिशन, तो तोंड उघडेना. संगप्पाच्या मळ्यावरच त्याचं पोट हाय. दुष्काळात काम कोण सोडतंय. शेजारची लक्ष्मम्मा रोज उमाचं रडणं ऐकायची, ती पण म्हणते, मला काही ठाऊक न्हाई माय.

तुझा बाप मन्मथ दोन दिवस जेवला न्हाई. म्हणतो, पोरीच्या लग्नाला अडचण येईल. मी म्हणाले, कुठली पोर, तुझी का माझी? मग जेवला.

तुझी अव्वा

---

नांदेड, १२ एप्रिल १९८७

ती. अव्वास,

शरणार्थ. बिलोलीचं वाचून मी हसले आणि मग बराच वेळ हसू शकले नाही.

वकिलांचं पत्र आलं. संगप्पाच्या बाजूनं सांगितलंय की विहीर सुरुंग लावून खोल केली, कुदळीनं नव्हे. तेव्हा विहिरीवरून जमीन मऊ होती असं ठरत नाही. रुद्रभूमीतली, म्हणजे माती देतात त्या जागेतली, जमीन त्या उन्हाळ्यात हातानं खणणं अशक्य होतं, असं गावातले चौघं सांगायला तयार आहेत. यावर आपल्याकडे काही नसेल तर तपास इथंच थांबेल.

माझी हजेरी अखेर कमी पडली. सरांनी शब्द टाकला, कोर्टातल्या टिपणांची वही बघितली आणि मला परीक्षेला बसू दिलं. त्यामुळे आता महिनाभर मला हलता येणार नाही. तुम्हीही हलू नका. परीक्षा झाली की मी येते, मग बघू.

तुमची महानंदा

---

येळीपिंपळा, १० मे १९८७

चि. महानंदा,

हवा बदलायला इथं आलेय. इथले जंगम, आपले विधी करणारे गुरुपादप्पा स्वामी, त्यांच्या घरी उतरले. पत्र तेच लिहून राहिलेत, इंदूबाई न्हाईत म्हणून अक्षर वेगळं. ऊन लई हाय. तळहाताला फोड आलेत, एक-दोन फुटले. जात्यामुळं. काळजी करू नको. तुझी परीक्षा दे.

तुझी अव्वा

---

नांदेड, १६ मे १९८७

ती. अव्वास,

तुम्ही त्या गावात का गेलात? तिथं तुम्हाला जात्यावर कोण बसवतंय? या वयात तुमच्या हाताला फोड येईपर्यंत कोण दळून घेतंय?

अव्वा, आत्याही असंच म्हणायची. जात्याचा खुंटा लागला. काळजी करू नका.

मला खरं सांगा. संगप्पाच्या माणसांनी काही केलं का? मी बाबांना तार केली आहे. ते तुम्हाला आणायला निघतील. सोबत मलम पाठवते, फोड फोडू नका. शेवटचा पेपर झाला की मी थेट तिथंच येईन.

तुमची महानंदा

---

चाकूर, १ जून १९८७

चि. महानंदा,

तुझी चूक न्हाई. मी तुला फसवलं. जातं म्हणलं की कुणी पुढं विचारत न्हाई हे मला ठाऊक होतं. कुणाकडनं शिकले ते तुलाही ठाऊक हाय. पण तू विचारलंस. त्या दिवशी स्वामींनी तुझं पत्र वाचून दाखवलं आणि मी कुदळ ठेवून जराशी बसले.

हाव, कुदळ. मी खड्डा खणून राहिले होते.

त्या गावची रुद्रभूमी शिवेवर हाय, तिला लागून संगप्पाच्या मळ्याची वाट जाते. स्वामींना म्हणाले, मला एक जागा द्या, माझीच सोय करून ठेवते. त्यांना कळलं काय ते. जागा दाखवली आणि आत निघून गेले. मागल्या साली होता तोच वैशाख, दुष्काळ मागल्यापेक्षा जास्त, जमीन तीच. खणणारी तेवढी वेगळी, दात पडलेली म्हातारी.

वरचा थर खरंच दगड हाय, ते खोटं बोलले न्हाईत. कुदळ उडून परत येते. पण वीतभर गेलं की पांढरी माती लागते, ती येते हाताला. सकाळी उन्हाआधी खणायची, दुपारी लक्ष्मम्माच्या ओसरीला सावलीत बसायची. पयल्या दिवशी गाव हसलं. लोक म्हणाले, म्हातारीला यमाची घाई झालीय. मग हसणं थांबलं. मग बाया दुरून पाणी ठेवून जायला लागल्या, टँकरचं, स्वतःच्या हंड्यातलं.

संगप्पा रोज त्या वाटेनं मळ्यात जायचा, दुसरी वाट न्हाई त्याला. मी खड्ड्यातनं मान वर करून म्हणायची, "शरणार्थ जावईबापू. माती लागली बघा." तो बघायचा न्हाई. नंतर नंतर तोंड धोतराच्या सोग्यात लपवून जायला लागला.

खड्डा छातीपर्यंत आला तेव्हा रामकिशन आला. काठावर उभा ऱ्हायला, वडार माणूस, त्याला बाईनं खणलेलं बघवेना. म्हणाला, "आई, बाजू तिरकी झालीय, ढासळंल." म्हणाले, "मग ये खाली." तो उतरला. माझ्या हातातली कुदळ घेतली आणि कड सरळ करता करता बोलला. म्हणाला, "त्या दिवशी मी मालकाला म्हणलं होतं, चार माणसं देतो, जेवायच्या आत खड्डा तयार करतो. मालक म्हणाला, न्हाई, लाकडं आण."

मी म्हणाले, हेच कोर्टात बोलशील? तो म्हणाला, "कामावरनं काढतील." मी खड्ड्यात बसले, मांडी घालून, हात असा मांडीवर ठेवून, बघावं माप बरोबर हाय का. तो बघत ऱ्हायला. मग म्हणाला, "येतो."

लक्ष्मम्मा त्याच संध्याकाळी म्हणाली, मलाबी ठाऊक हाय, मी पण येते.

तुझा बाप आला तो मला न्यायला. खड्डा बघितला आणि काठावर बसून रडला, बहीण गेल्यावर पयल्यांदा. मग स्वतः टोपल्यानं माती उपसली. नवा तपास करणारा अंमलदार येऊन खड्ड्याचा पंचनामा करून गेला. खोली, लांबी, माती कसली, खणणारीचं वय. वय सांगता आलं न्हाई. म्हणाले, निजामाच्या आधीचं लिहा. त्यानं सत्तर लिहिलं.

मलम लागू पडलं. पेपर कसे गेले ते कळव.

तुझी अव्वा

---

लातूर, २२ एप्रिल १९८९

ती. अव्वास,

शरणार्थ. दमा उठल्यामुळे तुम्हाला यायला जमलं नाही, म्हणून निकाल ऐकून कोर्टाच्या आवारातच हे लिहायला बसले आहे. बाबा शेजारी आहेत.

शेवटच्या वर्षी खरे खटले बघून टिपण द्यायचं असतं. मी हा घेतला. सरकारी वकिलांच्या मागच्या बाकावर बसून सगळा ऐकला. तुमची साक्ष झाली त्या दिवशी समोरच्या वकिलानं विचारलं होतं, "तुम्ही हा खड्डा सूड म्हणून खणलात, खरं की खोटं?" आणि तुम्ही म्हणालात, "खरं. पण खणता आला का न्हाई, ते विचारा." न्यायाधीशांनी ते दोन्ही लिहून घेतलं होतं. आज निकालात रामकिशनच्या साक्षीबरोबर ते वाचून दाखवलं. पुरायची सोय असताना, कुळाची रीत मोडून, माहेरच्यांची वाट न बघता प्रेत जाळलं, ते पुरावा नाहीसा करायलाच, असं त्यांनी ठरवलं. लक्ष्मम्माच्या साक्षीवरून छळ शाबीत झाला.

पण अव्वा, खून शाबीत झाला नाही. आत्या कशानं गेली हे सांगायला शरीरच उरलं नाही. ज्यासाठी त्यानं जाळलं, ते त्याला साधलं. सक्तमजुरी तीन वर्षं. पोलीस त्याला घेऊन गेले तेव्हा मी दाराशी उभी होते. तो माझ्याकडे न बघता गेला.

तुम्हाला तो जन्मभर गजांआड हवा होता. मला तीन वर्षंच देता आली. माझ्या पदवीला लागली तेवढीच. याहून चांगला वकील असता तर काय झालं असतं, हेच डोक्यात फिरतंय.

पुढच्या महिन्यात शेवटची परीक्षा आहे. बसावं की नाही तेही कळत नाही.

तुमची महानंदा

---

चाकूर, ३० एप्रिल १९८९

चि. महानंदा,

परीक्षेला बस. बसली न्हाईस तर दमा घेऊन नांदेडला येईन आणि तुझ्या वर्गात हजेरी लावीन.

तुझं पत्र इंदूबाईंनी वाचलं. त्या शेवटाला थांबल्या, चष्मा पुसला. मी विचारलं, किती? तीन म्हणाल्या. खोटं कशाला सांगू, मला वाटलं होतं निदान तो म्हातारा होऊन बाहेर येईल. मग उठले, सोमवार होता, अभिषेक केला. या खेपेला तांब्याभर वाहिलं, यंदा पाणी हाय.

तू हरली न्हाईस. कोर्टाला देता आली तेवढी शिक्षा कोर्टानं दिली. बाकीची मी देते. त्यासाठी मला वकील पाहिजे, म्हणून लिहून राहिले. सनद आली की तुझं पयलं काम हे. माझ्या नावानं कागद कर, अंगठा मी देते, साक्षीला इंदूबाई आणि स्वामी हायत.

कागदात माझं नाव घालून लिही. गुरम्मा मेली की तिला चाकूरला माती देऊ नये. येळीपिंपळ्याच्या रुद्रभूमीत तिचा खड्डा तयार हाय. गुरुपादप्पा स्वामींनी त्यावर फरशा टाकून ठेवल्यात, रामकिशन दर पावसाळ्यानंतर कड नीट करतो. तिथं बसवावं. एका तळहातावर माझं लिंग. दुसरा तळहात रिकामा ठेवावा, तो उमाचा. तिचं लिंग तिच्यासंगं जळालं का त्यानं फेकलं, ते अजून कुणी सांगितलं न्हाई.

स्वामी म्हणतात, तोंड उत्तरेला करून बसवायची रीत हाय. मी म्हणाले, स्वामी, रीत मोडायला त्या गावात जावयानं सुरुवात केलीय, सासूनं थोडी मोडली तर चालेल. मला वाटेकडं तोंड करून बसवा. संगप्पाच्या मळ्याच्या वाटेकडं.

तो सुटेल, गावात येईल. मळा हाय म्हंजे जावं लागेल, आणि वाट एकच हाय. सकाळी जाताना, संध्याकाळी येताना. त्याला ठाऊक असंल की मातीखाली मी निजलेली न्हाई. बसलेली हाय, डोळे त्याच्याकडं.

म्हणून सोमवारचा अभिषेक माझ्यामागं तू चालवायचा. त्याच्याच नावानं, चुकवायचा न्हाई. त्याला लई, लई आयुष्य लाभलं पाहिजे.

तुझी अव्वा